वृद्धांसाठी सुरक्षित न्हाणीघर

उतारवयात हाडे ठिसूळ होतात. न्हाणीघरात पाय घसरून खुब्याचे हाड मोडले, तर शस्त्रक्रियेचा खर्च होतोच, शिवाय हिंडतेफिरते माणूस अंथरुणाला खिळते. पुढील उपाय थोड्या खर्चात होतात.

१) साबण व शेवाळामुळे फरशी निसरडी होते. ती आठवड्यातून एकदा ब्लीचिंग पावडर टाकून काथ्याच्या ब्रशने घासावी व भरपूर पाण्याने धुवावी. पावडरीत ॲसिड मिसळू नये. विषारी वायू निघतो.

२) शहाबादी फरशी गुळगुळीत असल्यास गवंड्याकडून टाकी लावून खरबरीत करावी.

३) पाटावरून उठताना तोल जातो. त्याऐवजी सुमारे १६ इंच उंचीचे, पायांना रबरी बूच बसवलेले भक्कम स्टूल द्यावे.

४) स्टुलाजवळ भिंतीत १ इंची जी. आय. पाइपचा दांडा जमिनीपासून सुमारे ३३ इंचांवर सिमेंटमध्ये पक्का बसवावा. दांडा व भिंत यांत दीड इंच अंतर ठेवावे. मातीची भिंत असल्यास जमिनीत खांब गाडावा. सिमेंटवर ७ दिवस पाणी मारावे. नंतर घरातील धडधाकट माणसाने संपूर्ण भार देऊन दांडा तपासावा, मगच वृद्धांना वापरू द्यावा.

५) दाराची कडी बाहेरूनही उघडता येईल अशी असावी.