दक्षिणा कोणाला?

पेशवाईत श्रावण आला की पर्वतीच्या पायथ्याशी रमण्यात देशभरचे ब्राह्मण गोळा होत. त्यांना आवारात घेत आणि बाहेर पडताना दारात हातावर दक्षिणा ठेवत. ही चाल मूळची तळेगावची, सेनापती खंडेराव दाभाड्यांची. पेशव्यांनी ती पुण्यात आणली आणि हात सैल सोडून वाढवली. नामांकित शास्त्र्यांचा मान वेगळा होई. रमण्यातल्या गर्दीला मात्र जन्म एवढीच पात्रता पुरे. पैसा अर्थात दौलतीचा, म्हणजे कुणब्याने भरलेल्या साऱ्याचा. देणारा एक, घेणारा दुसरा आणि पुण्य तिसऱ्याच्या पदरी, असा हा व्यवहार.

धर्म आणि लोककल्याण यांच्या पुण्यातल्या नात्याचा मागोवा घ्यायचा, तर या दक्षिणेचं पुढे काय झालं हेच पाहावं. कारण पुणेकराला दान करायला कधी शिकवावं लागलं नाही. वार लावून जेवणाऱ्या, माधुकरी मागून शिकणाऱ्या मुलांना या शहराने पिढ्यान् पिढ्या पोसलं. भांडण झालं ते घेणारा कोण यावर.

1818 मध्ये पेशव्यांचं राज्य गेलं. दक्षिणा एकदम तोडली तर शहर बिथरेल, हे इंग्रजांचा कमिशनर एल्फिन्स्टन याने ओळखलं आणि वर्षाला 50,000 रुपयांची तरतूद ठेवली. त्यातूनच 6 ऑक्टोबर 1821 रोजी विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली. पुढे नव्या नावांना दक्षिणा देणं सरकारने थांबवलं. जुन्यांची हयातभर चालू राहिली. पैसा शिल्लक पडू लागला आणि त्यावर डोळा कोणाचा, हा प्रश्न उभा राहिला.

1849 मध्ये गोपाळ हरी देशमुख, म्हणजे लोकहितवादी, आणि त्यांच्या तरुण सोबत्यांनी सरकारला अर्ज केला: यातला काही भाग चांगल्या मराठी ग्रंथांना बक्षीस म्हणून द्या. अर्ज करणारे स्वतः ब्राह्मण. शहरात गदारोळ उठला, बहिष्काराची भाषा झाली. जोतीराव फुल्यांनी तेव्हा सुधारकांच्या पाठीशी माणसं उभी केली, असं चरित्रकार सांगतात. 1851 मध्ये दक्षिणा प्राइझ कमिटी झाली. त्याच निधीतून फुल्यांच्या शाळांनाही मदत मिळाली आणि 16 नोव्हेंबर 1852 रोजी पाठशाळेच्याच विश्रामबागवाड्यात इंग्रज अधिकारी मेजर कँडीच्या हस्ते फुल्यांचा शालजोडी देऊन सत्कार झाला.

पण एवढ्यावर कोणी हुरळून जाऊ नये. 1855 मध्ये फुल्यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक याच कमिटीकडे पाठवलं. कुणब्याच्या गरोदर बायकोला ग्रहांची भीती घालून जोशी कसा लुबाडतो, याची ती कथा. ब्राह्मण सभासदांपुढे कमिटीतल्या युरोपियनांचं काही चाललं नाही आणि नाटक नाकारलं गेलं, असं फुल्यांनीच पुढे लिहिलं. निधीचं दार सरकारने किलकिलं केलं होतं. उंबऱ्यावर बसलेले मात्र जुनेच होते. तरी त्या निधीच्या फेलोशिपवर महादेव गोविंद रानडे आणि रा. गो. भांडारकर उभे राहिले, प्रार्थना समाजात गेले. दक्षिणेने असे सुधारक पोसावेत, हे रमण्यातल्या कोणाच्या स्वप्नातही आलं नसेल.

याच दोघांना 1893 मध्ये फार अवघड जागी उभं राहावं लागलं. पंडिता रमाबाईंनी मुंबईत 11 मार्च 1889 रोजी काढलेलं शारदासदन पुढच्या वर्षी पुण्यात आलं. बालविधवांसाठी घर आणि शाळा, पैसा अमेरिकेतल्या रमाबाई असोसिएशनचा, सल्लागारांत रानडे आणि भांडारकर. अट एकच: धर्माच्या बाबतीत तटस्थता. रमाबाई स्वतः ख्रिस्ती. त्यांच्या प्रार्थनेला मुली येऊन बसू लागल्या. बाईंचं म्हणणं, मी माझ्या खोलीचं दार लावून घेणार नाही. टिळकांच्या ‘केसरी’ने हल्ला चढवला, सल्लागारांनी अंग काढून घेतलं आणि पालक मुलींना घेऊन गेले.

टिळकांची शंका निराधार होती असं म्हणता येत नाही. काही मुली खरंच ख्रिस्ती झाल्या. पण धर्म वाचवायला धावलेल्यांतल्या किती जणांनी त्या पोरींसाठी दुसरी सोय करून ठेवली होती? ज्या घरात केशवपन आणि एकवेळचं जेवण वाढून ठेवलेलं, तिथेच त्या परत गेल्या. रमाबाईंनी पुढे केडगावला मुक्तिसदन उभारलं आणि दुष्काळातल्या मुली तिथे आणल्या. शहराचा पाठिंबा मात्र संपला तो संपलाच.

या सगळ्याचा नीट धडा घेतला तो धोंडो केशव कर्व्यांनी. त्यांची दुसरी पत्नी, गोदूबाई म्हणजे आनंदीबाई, शारदासदनाचीच विद्यार्थिनी. स्वतः विधवेशी लग्न केलेल्या या माणसाने 1896 मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला, तेव्हा पुनर्विवाहाचा प्रचार आश्रमाबाहेर ठेवला. मुली शिकतील, आपल्या धर्मात राहतील, एवढंच सांगायचं. घरोघर फिरून वर्गणी जमवली. 1900 मध्ये आश्रम हिंगण्याला गेला. याला कोणी तडजोड म्हणेल. माझ्या मते त्या काळच्या पुण्यात पैसा उभा करायचा दुसरा रस्ता नव्हता. किंमतही उघड होती: आश्रम बराच काळ वरच्या जातींतल्या मुलींपुरता राहिला.

स्वातंत्र्यानंतर दानाचा हाच प्रश्न कायद्याच्या हाती गेला. 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याने देवस्थान असो की दवाखाना, सर्वांचे हिशेब धर्मादाय आयुक्तांच्या टेबलावर आणले. त्याच कायद्याच्या 41 कक खाली, 2006 साली उच्च न्यायालयाने ठरवून दिलेल्या योजनेप्रमाणे, धर्मादाय रुग्णालयांनी 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि आणखी 10 टक्के दुर्बलांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. बगदादी यहुदी डेव्हिड ससूनच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या ससून रुग्णालयात आज दगडूशेठ गणपतीच्या विश्वस्तांकडून रुग्णांना जेवण जातं. ताट पुढे ठेवताना जात विचारत नाहीत. खाजगी धर्मादाय रुग्णालयात मात्र नातेवाईक रेशनकार्डाची आणि तहसीलदाराच्या दाखल्याची झेरॉक्स घेऊन समाजसेवा अधीक्षकांच्या खिडकीशी उभे असतात आणि कोटा शिल्लक आहे का, ते विचारत असतात.