शेताची वही मोबाइलवर, भाग ६ : आज कितवा दिवस?

गेल्या आठवड्यात अ‍ॅपमध्ये प्लॉट कसे पाडायचे ते पाहिले. आज फवारणीची नोंद. उदाहरण निफाड-दिंडोरीकडच्या निर्यातीच्या द्राक्षबागेचे घेतो, कारण तिथे नोंद चुकली तर माल चांगला असूनही अडकतो.

द्राक्ष बागायतदार एकमेकांना भेटले की तारीख सांगत नाहीत, ‘आज कितवा दिवस?’ असे विचारतात. ऑक्टोबर छाटणी झाली की तिथून फेलफूट काढणे, डिपिंग, विरळणी, मण्यात पाणी उतरणे, सगळी कामे दिवसांवर मोजली जातात. म्हणून अ‍ॅपमध्ये सर्वांत आधी छाटणीची तारीख भरायची. ती नेमकी असली की पुढचे नियोजन तिच्यावरून मांडता येते. एकाच बागेची छाटणी आठवडाभराच्या अंतराने दोन टप्प्यांत केली असेल, तर प्लॉटही दोन करा. फुलोऱ्यात पाऊस आला की डाऊनीच्या दृष्टीने आठवड्याचा फरक फार मोठा असतो.

आता मुख्य गोष्ट. नियोजन आणि नोंद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सकाळी फवारणी ठरवली, दुपारी वारा सुटला, ब्लोअर शेडमध्येच राहिला. संध्याकाळी कुणीतरी यादीतल्या त्या कामापुढे सवयीने ‘झाले’ दाबले. आता न झालेली फवारणी कागदावर झाली. एका शेडमध्ये मी पूर्ण हंगामाची वही पाहिली होती : सगळ्या फवारण्या एकाच पेनाने, एकाच बैठकीत लिहिलेल्या. मेहनत खरी होती, पण त्या वहीवरून कुणालाच काही शोधता आले नसते. म्हणून माझा आग्रह आहे की, ज्याने टाकीत औषध ओतले त्याने तिथेच, बाटली हातात असताना नोंद करावी. घटकाचे नाव, बॅच नंबर, औषधाचे आणि पाण्याचे प्रमाण, किती क्षेत्रावर फवारले, सुरू केल्याची वेळ. रेंज नसली तरी नोंद घेणारे आणि नंतर रेंज आल्यावर ती वर पाठवणारे अ‍ॅपच निवडा.

हे घटकाचे नाव का? कारण काढणीपूर्व कालावधी त्यावरून निघतो. समजा, एखाद्या औषधाचा हा कालावधी ४० दिवसांचा आहे आणि ते १० जानेवारीला मारले. तर १९ फेब्रुवारीच्या आत त्या प्लॉटला कात्री लावायची नाही. हे गणित अ‍ॅप करते, पण १० जानेवारी ही तारीख खरी असेल तरच. दोन वेगळ्या नावांच्या बाटल्यांत एकच घटक असू शकतो. बाजारातले नाव तेवढे लिहिले तर तोच घटक पुन्हा मारला गेल्याचे कळतही नाही.

नोंद ऑक्टोबरपासून सुरू करावी, असे बरेच जण समजतात. ते पुरत नाही. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश सापडल्याने युरोपात आपल्या द्राक्षांचे कंटेनर अडले. हे वाढरोधक खरड छाटणीनंतर, म्हणजे उन्हाळ्यात, काडीत घड तयार व्हावा म्हणून वापरले जाई. महिने लोटले, दुसरी छाटणी झाली, तरी अंश मण्यात उतरलेच. शेकडो बागायतदारांना तेव्हा आठवून सांगावे लागले की उन्हाळ्यात काय मारले होते. म्हणून वर्षाची पहिली नोंद एप्रिलच्या खरड छाटणीची हवी, आणि ऑक्टोबरला नवा हंगाम उघडताना मागचा पुसू नये.

‘अपेडा’च्या ग्रेपनेटवर प्लॉटला मिळालेला नोंदणी क्रमांक अ‍ॅपमधल्या प्लॉटच्या नावापुढे लिहून ठेवा. घरात ‘विहिरीजवळचा’ म्हटले की सगळ्यांना कळते, पण अंश तपासणीचा अहवाल येतो तो क्रमांकावर. नमुना नेमका कोणत्या ओळींचा, हे जुळवताना दोन्ही नावे शेजारी लागतात.

पुढच्या आठवड्यात मजुरीची नोंद : डिपिंग आणि विरळणीच्या टोळ्यांचा हिशोब प्लॉटवार कसा लावायचा ते पाहू.