उभे झाड, कुजलेली मुळे

११ फेब्रुवारी २०१७ रोजी सिंगापूरच्या वनस्पती उद्यानातला टेम्बुसूचा एक वृक्ष मुळांसकट उन्मळून पडला. उंची ४० मीटर, वय २७० वर्षांहून अधिक. १८५९ मध्ये उद्यान स्थापन झाले, तेव्हाच त्याने शंभरी ओलांडलेली होती. त्याच्याखाली सापडून एका भारतीय महिलेचा जीव गेला. झाडाची तपासणी वर्षातून दोनदा होत असे आणि आदल्या सप्टेंबरात ते ठणठणीत ठरले होते. टेम्बुसूचे लाकूड चिवट, टिकाऊ म्हणून नावाजलेले. पण कूज लागली होती ती जमिनीखाली.

आपल्याकडे झाड पडले की वाऱ्यापावसाच्या माथी खापर फुटते. वारा अनेकदा निमित्त असतो. खरे काम बुरशीने आधीच केलेले असते. खोडाचा गाभा मुळात मृत असल्यामुळे तो पोखरला गेला तरी बाहेरच्या निरोगी लाकडावर झाड वर्षानुवर्षे उभे राहते. मुळे कुजली की मात्र आधारच जातो.

मुळांच्या कुजीचा एक महत्त्वाचा धडा याच उद्यानात मिळाला. १८७७ मध्ये लंडनच्या क्यू उद्यानातून रबराची २२ रोपे इथे आली. पुढे संचालक हेन्री रिडली यांनी रबराच्या लागवडीचा ध्यास घेतला आणि १९०४ मध्ये त्यांनीच रबराच्या मुळांवरच्या पांढऱ्या बुरशीची नोंद केली. जंगल तोडून मळे लावले, पण जुन्या झाडांचे बुंधे जमिनीतच राहिले. त्या बुंध्यांवर पोसलेली बुरशी पांढऱ्या दोऱ्यांसारखी पसरत शेजारच्या रबरापर्यंत पोहोचे. म्हणून लागवडीआधी बुंधे आणि मुळे खणून काढणे हा आजही खात्रीचा उपाय आहे.

याच उद्यानात १९२९ मध्ये ई. जे. एच. कॉर्नर हा तरुण सहायक संचालक म्हणून आला. त्याचे नाव निघाले की उंच झाडांवरून फांद्या तोडून आणणाऱ्या, त्याने शिकवलेल्या माकडांची गोष्ट हमखास सांगितली जाते. गोष्ट छानच आहे, पण तिच्यामागे त्याचे मोठे काम झाकले गेले. खोडावर फळीसारखी वाढणारी लाकडासारखी कडक बुरशी कशाची बनते, हे त्याने १९३२ मध्ये उलगडले. तिच्यात तीन प्रकारचे तंतू असू शकतात: वाढणारे, ताठ उभे राहणारे आणि या दोघांना गुंडाळून बांधणारे. स्लॅबमध्ये सळया आणि त्यांना आवळणारी तार असते, तशीच ही रचना! म्हणूनच अशी फळी उन्हापावसात वर्षानुवर्षे टिकते. अशा बुरशीचे वर्गीकरण करणारे आजही कॉर्नरचीच ही पद्धत वापरतात.

कूज सरसकट शत्रू मात्र नाही. सिंगापुरातून एकोणिसाव्या शतकात नाहीसा झालेला धनेश १९९४ मध्ये उबिन बेटावर परत दिसला. घरट्यासाठी लागणारी ढोली या पक्ष्याला कोरता येत नाही. कुजलेल्या गाभ्यानेच ती तयार होते. पोकळ जुनी झाडे कमी असल्याने तिथे त्याच्यासाठी कृत्रिम घरटी टांगावी लागली. जंगलातले पोकळ झाड म्हणूनच राखावे. रस्त्याकडेच्या झाडाचा हिशेब वेगळा.

खोडातून ध्वनिलहरी सोडून आतली पोकळी दाखवणारी यंत्रे आता आली आहेत. ती उपयोगी आहेत, पण खोडाची प्रतिमा पाहून मुळांची हमी देणे मला धोक्याचे वाटते. ढोलीत सिमेंट भरणे तर निरर्थकच. झाड जखम भरून काढत नाही, ती आतल्या आत कोंडून टाकते, हे अमेरिकेतील वृक्षशास्त्रज्ञ ॲलेक्स शिगोने हजारो झाडे उभी चिरून दाखवले.

पावसाळ्याआधी आपल्या गल्लीतल्या झाडाच्या बुडाशी जरूर वाका. मुळांवर फळीसारखी बुरशी, एका बाजूने उचललेली माती किंवा बुंध्याला भिडलेले काँक्रीट दिसले, तर पालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाला लेखी कळवा आणि फांद्या छाटण्याआधी मुळे तपासण्याचा आग्रह धरा.