चंक्रमण, 'आनंद' आणि वाढते वजन

वसतिगृहात असेपर्यंत वजनाची चिंता कोणालाच नसते. पहाटेची वंदना, कवायत, मैदान आणि ठरल्या वेळचे जेवण एवढ्यावर शरीर सडपातळ राहते. पुढे बँकेत, शाळेत वा तहसील कार्यालयात खुर्ची मिळते आणि काही वर्षांत पोट सुटते. मधुमेह, रक्तदाब मागोमाग येतात. मग आपले अनेक माजी विद्यार्थी पहाटे फिरू लागतात आणि पंधरवड्यात थांबतातही. ते फिरणे टिकावे कसे, याचा विचार आम्ही येथे करीत आहोत.

व्यायामानंतर मन प्रसन्न का होते, याचे श्रेय बरीच वर्षे 'एंडॉर्फिन' या शरीराने स्वतःच बनवलेल्या वेदनाशामकाला दिले गेले. या वर्गातील पहिली द्रव्ये 1975 साली स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथे ओळखली गेली. परंतु रक्तातील एंडॉर्फिन मेंदूत सहजासहजी शिरत नाही. सहज शिरते ते दुसरेच एक स्निग्ध द्रव्य. 1992 मध्ये जेरुसलेम येथे राफाएल मेशूलम यांच्या प्रयोगशाळेत ते सापडले आणि त्याचे नाव ठेवले गेले 'आनंदामाइड', आपल्या 'आनंद' या शब्दावरून. तथागतांच्या प्रिय शिष्याचेही हेच नाव, हा योगायोग आम्हांस मोठा गोड वाटतो.

हे द्रव्य अगदी रमतगमत चालण्याने फारसे वाढत नाही. ऊर फुटेस्तोवर धावण्यानेही नाही. श्वास थोडा वाढावा, पण सोबत्याशी बोलता यावे, अशा मध्यम गतीने ते वाढते. येथेही मध्यम मार्गच! पहिल्याच दिवशी राजूर घाटाचा चढ धावत चढू पाहणाऱ्याच्या वाट्याला केवळ पायांचे दुखणे येते, आणि म्हणूनच तो तिसऱ्या दिवशी उठत नाही. बेताने चालणाऱ्याला मात्र प्रसन्नतेचा अनुभव मिळतो. मेंदूतील 'डोपामिन' तो अनुभव लक्षात ठेवते आणि हळूहळू त्याची सवय जडते.

मात्र या द्रव्यांनी चरबी वितळत नाही. तासभर झपाझप चालून साधारण 200 ते 250 कॅलरी खर्च होतात, म्हणजे ज्वारीची एक मोठी भाकरी. घरी येऊन दोन कचोऱ्या खाल्ल्या की हिशेब उलटा. शिवाय आनंदामाइड भूकही चाळवते. (हे सारे बैठे काम करणाऱ्यांसाठी. दिवसभर सोयाबीन सोंगणाऱ्या आमच्या पालकांना फिरण्याचा सल्ला देणे ही थट्टाच होईल. त्यांना विश्रांती आणि सकस अन्न हवे.) मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी व हृदयविकार असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

अंगुत्तर निकायात चंक्रमणाचे पाच लाभ सांगितले आहेत. आजार कमी होणे आणि खाल्लेले नीट पचणे हे त्यांतील दोन. आहाराविषयी संयुत्त निकायात कोसलनरेश प्रसेनजिताची कथा येते. भरपूर जेवून धापा टाकीत आलेल्या राजाला भगवंतांनी मिताहाराची एक गाथा सांगितली. राजाने सुदस्सन नावाच्या तरुणाला रोज जेवणाच्या वेळी ती म्हणण्यासाठी नेमले आणि त्याला त्याचे वेतन दिले. भाताचे माप एकदम नव्हे, क्रमाक्रमाने उतरले. पुढे शरीर हलके झाल्यावर राजा स्वतःच्या अंगावरून हात फिरवीत भगवंतांचे उपकार आठवू लागला.