सूझा यांची नगरदृश्ये

सूझा यांची नगरदृश्ये : आधुनिक भारतीय चित्रकार फ्रान्सिस न्यूटन सूझा (१२ एप्रिल १९२४ – २८ मार्च २००२) यांनी शहर हा विषय घेऊन केलेली अभिव्यक्तिवादी चित्रे. सूझा यांचा जन्म गोव्यातील साळगावचा. १९४५ मध्ये मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेतून त्यांना काढून टाकण्यात आले. १९४७ मध्ये ‘प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप’ हा कलावंतसमूह स्थापन करण्यात त्यांचा पुढाकार होता. १९४९ मध्ये ते लंडनला व १९६७ मध्ये न्यूयॉर्कला गेले.

शहराचे हुबेहूब दर्शन घडविणे हा या चित्रांचा हेतू नव्हे. घरे, मनोरे व छपरे ठाशीव काळ्या बाह्यरेषांनी बांधलेली असतात. चर्चच्या रंगीत काचांना जोडणाऱ्या शिशाच्या पट्ट्यांची त्या आठवण करून देतात. यथादर्शनाचे नियम हेतुतः मोडलेले असून इमारती कलतात व एकमेकींवर रेलतात. त्यामुळे एखादी वास्तू ओळखू आली नाही, म्हणून चित्र फसले असे ठरत नाही. शहराचा दाब व अस्वस्थता प्रत्ययास येते की नाही, ही त्याची कसोटी होय.

ही परंपरा मूळची यूरोपीय आहे. ऑस्कर कोकोश्का (१८८६–१९८०) यांनी १९२५ मध्ये ॲम्स्टरडॅमचा कालवाकाठ रंगविला. त्यांच्या शैलीत तुटक, मोकळे फटकारे दृश्याला हलते ठेवतात. सूझा यांच्या चित्रांत मात्र रेषा रंगाला जखडून ठेवते आणि या झगड्यातून ताण उत्पन्न होतो.

रंगाचा जाड थर हा येथे केवळ अलंकार नाही. थराच्या उंचवट्यांवर प्रकाश पडतो, खाचांत सावली साचते व पृष्ठभागाला उठाव येतो. १९६५ च्या सुमारास सूझा यांनी केवळ काळ्या रंगात चित्रे केली; त्यांतील आकार मुख्यतः थरांच्या चढउतारांमुळेच दिसतात. या तंत्राचे हे टोकाचे उदाहरण होय.

छापील प्रतिकृतीत हे चढउतार सपाट होतात आणि चित्र केवळ ओबडधोबड वाटण्याचा संभव असतो. बहुसंख्य रसिकांचा अशा चित्रांशी परिचय प्रतिकृतींतूनच होत असल्याने हा गैरसमज सहज रुजतो. मूळ चित्र प्रथम दुरून पाहावे, म्हणजे रचना कळते. नंतर जवळून पाहावे, म्हणजे हाताचा वेग कळतो. शेवटी बाजूने पाहावे, म्हणजे रंगाची जाडी लक्षात येते.