कुत्र्याची चोरी नेमकी कधी पूर्ण होते?

पोलीस भरतीत मुलांना १,६०० मीटर धावावं लागतं, मुलींना ८००. शिवाजी पार्काच्या कट्ट्याभोवती पहाटे घाम गाळणाऱ्या पोरापोरींना हे तोंडपाठ असतं. खरी दमछाक पुढे प्रशिक्षण केंद्रात होते, फौजदारी कायद्याच्या तासाला. तिथे एका बारीकशा तपशिलाने गुन्ह्याचं नाव बदलतं आणि नावाबरोबर शिक्षाही.

आधी आकडे. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिता गेली, भारतीय न्याय संहिता आली. ५११ कलमांची ३५८ झाली. खुनाच्या शिक्षेचं ३०२ आता १०३ आहे, फसवणुकीचं ४२० आता ३१८. आणि आजचं ३०२? धार्मिक भावना दुखावण्याच्या हेतूने बोललेल्या शब्दांचं. ‘तीनशे दोन लागला’ असं म्हणताना हवालदाराने आता जपूनच बोलावं!

कलमांचे आकडे बदलले, पण १८६० च्या कायद्यातली कितीतरी उदाहरणं नव्या कायद्यातही जशीच्या तशी आहेत. त्यांच्याइतकं चांगलं पाठ्यपुस्तक नाही. चोरीचंच घ्या. कोणीतरी खिशात खाऊ ठेवतो आणि दुसऱ्याच्या कुत्र्याला भुलवतो. मनात लबाडी आहे, मालकाची संमती नाही. चोरी पूर्ण कधी झाली? कुत्रा घरी नेऊन बांधल्यावर नाही. कुत्रा त्याच्या मागे चालू लागला त्याच क्षणी! दुसरं उदाहरण बैलाचं. पाठीवर खजिन्याची पेटी असलेला बैल चोराने हाकला आणि बैल हलला, की खजिन्याची चोरी झाली. वस्तू किती लांब गेली याला महत्त्व नाही. लबाडीच्या हेतूने ती हलली, एवढं पुरे.

आता कट्ट्याजवळ रस्त्यावर पडलेली अंगठी तुम्हाला सापडली, आसपास कोणी नाही. ती उचलणं चोरी नव्हे, कारण ती कोणाच्याच ताब्यात नव्हती. पण मालक शोधता येण्यासारखा असताना ती खिशात घातलीत, तर अपहाराचा गुन्हा होऊ शकतो.

फिरायला आलेल्या आजींच्या गळ्यातली साखळी कोणी हिसकावली, तर त्यासाठी आता स्वतंत्र ३०४ कलम आहे. धाक दाखवून किंवा मारहाण करून नेली, तर जबरी चोरी. आणि असं करणारे पाच जण असले, तर दरोडा. चौघे असतील तर दरोडा नाही, पाचवा आला की दरोडा. दरोड्याचं आणखी एक वेगळेपण आहे. एरवी गुन्ह्याची नुसती तयारी बहुधा शिक्षेला पात्र नसते. दरोड्याची तयारी असते, इतकंच काय, दरोड्यासाठी एकत्र जमणंही असतं.

ही साखळी हिसकावणारा लोकांनी जागच्या जागी पकडला तर? सामान्य माणसालाही अटकेचा अधिकार आहे. गुन्हा डोळ्यांदेखत घडलेला हवा, दखलपात्र आणि अजामीनपात्र हवा, आणि पकडलेल्याला सहा तासांच्या आत पोलिसांकडे द्यायला हवं. पकडलेल्याला बडवायचा अधिकार मात्र कोणालाही नाही, पोलिसालाही नाही.

शिवाजी पार्क म्हटलं की चेंडू आलाच. फलंदाजाला खेळताना चेंडू लागून दुखापत झाली, तर गोलंदाज गुन्हेगार नाही. खेळायला उतरलेल्याने त्या धोक्याला संमती दिलेली असते. कायद्यातलं उदाहरण तलवारबाजीचं आहे, पण ते नेटमध्येही तितकंच लागू पडतं. तोच चेंडू कट्ट्यावरच्या आजोबांना लागला तर? आजोबांनी काही संमती दिलेली नाही. तिथे प्रश्न बदलतो: खेळ पुरेशी काळजी घेऊन चालला होता का? असेल, तर तो अपघात.

‘साहेब, मीच केलं.’ पोलिसांसमोर दिलेला हा कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. पण ‘साखळी अमुक झाडाखाली पुरली’ असं कोठडीतला आरोपी म्हणाला आणि ती खरोखर तिथेच सापडली, तर शोध लावणारं तेवढंच वाक्य चालतं.

माफीचा साक्षीदार म्हणजे काय, हे शिकवायला शिवाजी पार्कातलीच एक वास्तू आहे, सावरकर सदन. गांधी हत्येच्या खटल्यात आरोपी दिगंबर बडगे माफीचा साक्षीदार झाला, म्हणजे माफीच्या बदल्यात साथीदारांविरुद्ध साक्ष द्यायला तयार झाला. आपण गोडसे आणि आपटे यांच्यासोबत सावरकर सदनात गेलो होतो, अशी साक्ष त्याने दिली. न्यायाधीश आत्माचरण यांनी बडगेची साक्ष एरवी विश्वसनीय मानली, पण सावरकरांविरुद्धच्या भागाला स्वतंत्र दुजोरा नव्हता, म्हणून त्यावर विसंबणं त्यांना सुरक्षित वाटलं नाही. १० फेब्रुवारी १९४९ रोजी सावरकर निर्दोष सुटले. पुढे हत्येच्या कटाची चौकशी करणाऱ्या कपूर आयोगाने वेगळं मत नोंदवलं. मात्र आयोगाचा अहवाल म्हणजे कोर्टाचा निकाल नव्हे. १८७२ चा पुरावा कायदा म्हणत होता की दुजोरा नसलेल्या साथीदाराच्या साक्षीवर दिलेली शिक्षाही बेकायदा ठरत नाही. नव्या साक्ष अधिनियमाच्या १३८ व्या कलमात शब्द आहे ‘दुजोरा मिळालेली’ साक्ष. मला हा बदल फार मोलाचा वाटतो.

दक्षिण मुंबईतला सगळ्यात गाजलेला तपशील वेळेचा आहे. २७ एप्रिल १९५९. पत्नीने प्रेमसंबंधाची कबुली दिल्यावर नौदलाचे कमांडर नानावटी यांनी तिला आणि मुलांना मेट्रो सिनेमाला सोडलं, जहाजावरून रिव्हॉल्व्हर घेतलं आणि तिच्या प्रियकराचं, प्रेम आहुजाचं घर गाठून त्याला गोळ्या घातल्या. ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी त्यांना निर्दोष ठरवलं. उच्च न्यायालयाने ते मानलं नाही. खून सौम्य ठरायला प्रक्षोभ ‘गंभीर’ही हवा आणि ‘आकस्मिक’ही. घरातून निघाल्यापासून गोळी झाडेपर्यंत तीन तासांच्या आसपास गेले होते. डोकं थंड व्हायला एवढा वेळ पुरे, असं १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आणि जन्मठेप कायम केली.

मुंबईवरच्या दहशतवादी हल्ल्यात गिरगाव चौपाटीवर पोलीस तुकाराम ओंबळे यांनी जीव देऊन पकडलेल्या कसाबच्या खटल्यानेही पोलिसांना आणि दंडाधिकाऱ्यांना एक धडा दिला. अटकेतल्या माणसाला पहिल्यांदा हजर केलं जाईल तेव्हाच, वकील मिळण्याचा हक्क तुला आहे, ऐपत नसेल तर सरकारी खर्चाने मिळेल, हे दंडाधिकाऱ्याने त्याला सांगितलंच पाहिजे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये याच खटल्यात दिला. त्याच खटल्यातले दोन भारतीय सहआरोपी पुराव्याअभावी सुटले.

शेवटचं तुमच्या-आमच्यासाठी. गुन्हा शिवाजी पार्कच्या हद्दीत घडला आणि तुम्ही माहीम ठाण्यात पोहोचलात, तरी ‘आमची हद्द नाही’ म्हणून परत पाठवता येत नाही. दखलपात्र गुन्हा असेल, तर झिरो एफआयआर नोंदवावाच लागतो. त्याची प्रत फिर्यादीला मोफत मिळते. ती मागून घ्या.