उत्तर सांगायची घाई नको

आधी हे कोडे सोडवून पाहा. तीन अक्षरी शब्द आहे. शेवटचे अक्षर काढले तर जे उरते ते भिंतीवर फिरते. मधले काढले तर जे उरते त्यात गुलाबजाम मुरतात. अख्खा शब्द शाळेच्या सभेला जातो आणि भाजीवालीच्या टोपलीतही मिळतो. सांगा, कोण?

आरोग्याच्या पानावर कोडे कशाला, असे वाटेल. वस्तीतल्या ज्येष्ठांच्या बैठकीत रक्तदाब आणि साखर तपासून झाली की आम्ही असे एखादे कोडे घालतो. दहा-पंधरा माणसे एकत्र बसून शब्द शोधू लागली की कोणाला ऐकू येत नाही, कोणाला शब्द सापडायला वेळ लागतो, कोण उगाच गप्प राहते, हे हसतखेळत दिसते.

वरच्या कोड्यात बहुतेक जण एकाच जागी अडतात. ‘सभेला जातो’ हे ऐकले की मन माणूस शोधू लागते: शिक्षक, सरपंच, सभासद. ‘टोपली’ पकडलेले लोक गवार, भोपळा म्हणत बसतात. एकदा पकडलेली वाट मन सहजासहजी सोडत नाही आणि जितका जोर लावावा तितके तेच तेच शब्द पुढे येतात. अशा वेळी दुसरा माणूस कामाला येतो, कारण त्याने वेगळे टोक धरलेले असते. भाजी विकणारी बाई ‘पाल’ म्हणते, शेजारची ‘पाक’ म्हणते, आणि शाळकरी मुलांची आई एकदम ओरडते, ‘पालक!’ शब्द तिघींनी मिळून सोडवला, एकटीला कदाचित जमला नसता.

मात्र एकत्र बसले म्हणजे आपोआप फायदा होतो, असे नाही. १९५८ साली अमेरिकेतील येल विद्यापीठात एक प्रयोग झाला. काही जणांना गटात बसवून कल्पना सुचवायला सांगितले, तर तितक्याच लोकांना वेगवेगळे बसवून तेच काम दिले. वेगळे बसलेल्यांच्या कल्पना एकत्र केल्या, तर त्या गटापेक्षा जास्त भरल्या. याचे एक कारण पुढच्या अभ्यासांतून कळले. एक जण बोलत असताना बाकीच्यांना थांबावे लागते आणि थांबता थांबता सुचलेले निसटून जाते. आपल्या बैठकीतही हेच होते. चुणचुणीत माणूस झटकन उत्तर फेकतो आणि उरलेल्या बारा जणांचा विचार तिथेच थांबतो.

म्हणून आम्ही एक साधी पद्धत ठेवली आहे. कोडे दोनदा, सावकाश सांगायचे. मग दोन मिनिटे कोणी बोलायचे नाही. उत्तर आले तरी मनात ठेवायचे. त्यानंतर एका टोकापासून प्रत्येकाने आपल्याला सुचलेला शब्द सांगायचा, चुकीचा असला तरी. लिहिता-वाचता न येणाऱ्यांना ‘अक्षर काढा’ म्हणण्याऐवजी शब्द तोडून म्हणून दाखवायचा: पा, ल, क. कान शब्द तोडू शकतो, त्यासाठी पाटी लागत नाही. तरीही कोडे सुटले नाही तर चहा घ्यायचा, दुसरे बोलायचे. इंग्लंडमधील ग्रॅहम वॉलास यांनी १९२६ मध्येच लिहून ठेवले होते की प्रश्न बाजूला ठेवल्यावरही विचार आत मुरत राहतो आणि उत्तर अचानक वर येते.

शब्द ओठावर आहे पण येत नाही, हा अनुभव वयाबरोबर वाढतो. तेवढ्यावरून ‘हिची बुद्धी गेली’ असे घरच्यांनी म्हणू नये. पहिला उच्चार सुचवून पाहा. ‘पा...’ म्हटल्यावर शब्द सापडला, तर तो हरवलेला नव्हता, हाताला लागत नव्हता इतकेच.

दुसरी गोष्ट कानाची. वय झाले की बारीक, उंच आवाज आधी कमी ऐकू येतात. स्वर ऐकू येतो, व्यंजन निसटते. मग पाक, पाट, पात सारखेच वाटू लागतात. अशी आजी कोड्यात भलतेच उत्तर देते, सगळे हसतात आणि पुढच्या वेळी ती येतच नाही. घरात ती ‘विसरायला लागली’ ठरते. खरे तर आधी तिचे कान तपासायला हवेत. कधी नुसता मळ साठलेला असतो. तो काढायला पिन किंवा काडी घालू नये, दवाखान्यात दाखवावे.

हे महत्त्वाचे आहे, कारण लॅन्सेट आयोगाच्या २०२४ च्या अहवालात स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या आणि आटोक्यात आणता येण्याजोग्या १४ गोष्टी दिल्या आहेत. त्यांत कमी ऐकू येणे आणि एकटे पडणे या दोन्ही आहेत. उच्च रक्तदाब, मधुमेह, तंबाखूचे धूम्रपान, अति मद्यपान आणि शिक्षणापासून वंचित राहणे हेही त्यात आहे. आजीला हसून बैठकीतून घालवले, तर तिचे एकटे पडणे वाढते आणि कान तपासायचे राहूनच जातात.

कोडी सोडवली की स्मृतिभ्रंश होत नाही, असे मात्र कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. अमेरिकेत १९९८ पासून २,५०० हून अधिक ज्येष्ठांवर मोठा अभ्यास झाला. ज्यांना स्मरणाचा सराव दिला त्यांचे स्मरण सुधारले, ज्यांना तर्काचा दिला त्यांचा तर्क. एकाचा फायदा दुसऱ्याला फारसा झाला नाही. कोडे हे औषध नाही. रक्तदाबाची गोळी चालूच ठेवायची.

काही खुणा मात्र कोड्यावर सोडू नयेत. बोलता बोलता जीभ अडखळली, तोंड वाकडे झाले, एक हात लुळा पडला, तर लगेच १०८ ला फोन करा. माणूस एक-दोन दिवसांत अचानक असंबद्ध बोलू लागला, तर साखर उतरणे, जंतुसंसर्ग, पाणी कमी पडणे अशी कारणे असू शकतात, त्याच दिवशी दवाखाना गाठा. ओळखीच्या रस्त्यावर वाट चुकणे, रोजचा स्वयंपाक कसा करायचा हे विसरणे, असे हळूहळू वाढत असेल तर डॉक्टरांना दाखवा. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइड, उदासी यांवर उपचार आहेत.

येत्या रविवारी घरात किंवा विहाराच्या ओट्यावर चार वडीलधारी जमली की एक कोडे घाला. उत्तर माहीत असलेल्याने दोन मिनिटे तोंड मिटून बसायचे. आणि जी व्यक्ती सगळ्यात गप्प आहे, तिच्या समोर बसून, तिला आपले ओठ दिसतील असे, कोडे पुन्हा एकदा सांगा.